दामूमामांची मोकळी पिन

दामूमामांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. झोपलीय."

मला वाटलं, आत नात असेल. मी चपला हातात घेऊन पाय न वाजवता आत आले. मामांनी बोट दाखवलं ते साबणाच्या डबीएवढ्या एका पेटीकडे. तिच्यात नखाएवढी चिप होती आणि ती झोपली होती. बोलण्यानं चिपची झोप मोडत नाही हे मामांना माझ्याहून चांगलं ठाऊक. तरी कुजबुजायचं.

जगातल्या यच्चयावत यंत्रांबद्दल मामांची एकच तक्रार: ती सुम्ने जागी असतात. सुम्ने म्हणजे उगाच. मैसूरच्या जुन्या मराठी घरांत कन्नड शब्दाच्या टेकूशिवाय वाक्य उभं राहत नाही, आणि मामांचा टेकू हा. टीव्हीचा लाल दिवा सुम्ने, माझा फोन सुम्ने. आणि मी? "हिला झोपायची पिन बसवायला विसरले बघ," असं ते माझ्यादेखत भिंतीला सांगत.

घराणं देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्यांचं. मामांनी मात्र रोज सकाळच्या गाडीनं नंजनगूडला जाऊन तीस वर्षं कारखान्यातली पॅनलं दुरुस्त केली. आता निवृत्त होऊन ते वडिलांच्या कापड बेतायच्या टेबलावर सोल्डरिंग करतात. तार शिंप्याच्या टेपनं मोजतात, सर्किटवर खडूनं खुणा करतात आणि प्रत्येक जोड आधी नुसता टेकवून बघतात. "आधी कच्चा टाका."

मी त्यांच्याकडे गेले ती रागानं. आमच्या गल्लीत एक आजोबा न्हाणीघरात पडले आणि दोन दिवस कुणाला पत्ता नाही. गल्लीत कॅमेरे नऊ. नऊच्या नऊ गाड्यांकडे तोंड करून. मी पत्रक लिहिलं, तीन भाषांत छापलं, दारोदार वाटलं: एकट्या राहणाऱ्या आठ म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी महिन्याभरात हाकेचं बटण बसणार. पत्रक आधी छापलं, बटण करणार कोण ते नंतर शोधलं. चळवळीत हा क्रम चालतो.

मामांकडे बटण तयारच होतं. अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कांसाठी, केलेलं. लाल बटण दाबलं की चिपच्या पिनेला हाक पोचते, ती जागी होते आणि दुसऱ्या खोलीतली किंवा शेजारघरातली घंटी वाजवत राहते. उशाशी येऊन पांढरं बटण दाबलं तरच ती पुन्हा झोपते. बसल्या जागेवरून तिला गप्प करायची सोय मामांनी मुद्दाम ठेवली नव्हती. बाकी सगळा वेळ गाढ झोप, म्हणून दोन सेल वर्ष काढतात.

अक्का दिवसातून वीसदा दाबायच्या. पंखा कमी कर. आज वार कोणता. मामा दर वेळी उठून जायचे आणि कुरकुरत परत यायचे. "सुम्ने दाबते."

अक्का गेल्या वर्षी वारल्या.

पत्रकातल्या आठ जणांसाठी तसल्याच पेट्या आम्ही दोघं करू लागलो, तेव्हा मामांची एक सक्त ताकीद असे. लाल बटणाच्या पिनेला रेझिस्टर जोडलेलाच हवा. "तिला बांधून ठेवायचं, पुट्टी," लहान पोरीला हाक मारावी तसं ते मला सांगत. "मोकळी सोडली की ती कशालाही हाक समजते. जवळून हात नेला, पंखा लागला, की उठली." एका पेटीत मी रेझिस्टर विसरले, तर त्यांनी अख्खी पेटी उसवली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त भिंतीमार्फत बोलले.

सात पेट्या झाल्या. आठवीची चिप बेंगळुरूहून येईना. आठवं नाव मामांच्या मागच्या दारच्या सुंदराबाईंचं. एकट्या, एकदा पडलेल्या, आणि दिसले की विचारणाऱ्या, "माझं कधी?" महिना संपत आला. मी मामांना सरळ सांगितलं, अक्कांची पेटी रिकाम्या खाटेवर पडून आहे, ती द्या.

"ती बेडा," मामा म्हणाले. ती नको.

का, ते सांगेनात. मी संतापले आणि बोलू नये ते बोलले. गेलेल्या माणसाच्या उशाशी बटण आणि जिवंत बाई वाट बघत बसलीय, ही कुठली रीत? मामा टेप गुंडाळत राहिले.

तेवढ्यात टेबलावरची घंटी वाजली. अक्कांची.

मामा उठले, रोजच्या पावलांनी आत गेले. मी त्यांच्या मागोमाग. घरात आम्ही दोघंच होतो. खाटेवर धुतलेली चादर, उशीपाशी पेटी. मामांनी पांढरं बटण दाबलं आणि खाटेच्या कडेवर टेकले. मी पेटी उचलून झाकण काढलं. दुसऱ्याची चूक सापडली की मला आनंद होतो, तसा तेव्हाही झाला.

"मामा, यात रेझिस्टरच नाही. पिन मोकळी आहे."

"ठाऊक आहे."

"निघाला?"

"मीच काढला. दिवसात चार-पाचदा वाजते. तेवढंच स्वल्प उठणं होतं."

मी झाकण लावलं. पेटी होती तिथं ठेवली, चादरीची सुरकुती काढली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी मामांनीच बोलावणं धाडलं. पेटी टेबलावर उघडी होती, रेझिस्टर कच्च्या टाक्यावर टेकवलेला. "धर," म्हणाले. मी चिमट्यानं धरला, त्यांनी पक्का केला. जवळून हात नेऊन पाहिला, पंखा लावून पाहिला. चिप उठली नाही.

"आयतु. आता माणसानं दाबलं तरच." झालं एकदाचं. त्या दिवशी ओठांवर बोट ठेवायचं मात्र ते विसरले.

पेटी सुंदराबाईंच्या उशाशी गेली. घंटी मामांच्या टेबलावरच राहिली. मागचं दार वीस पावलांवर. तिसऱ्या दिवशी ती वाजली तेव्हा मी तिथंच होते. मामा अनवाणी धावले. मीही धावले, रुग्णवाहिकेचा नंबर लावतच. सुंदराबाई खाटेवर छान मांडी घालून बसल्या होत्या.

"काही नाही हो अण्णा," त्या म्हणाल्या. "चित्रान्न केलंय. सुम्ने दाबलं."

मी तोंड उघडलं. आमच्या पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलंय: विनाकारण बटण दाबू नये. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पांढरं बटण दाबलं, स्टूल ओढलं आणि बसले.

"वाढा," म्हणाले.

नव्या पत्रकात ती ओळ नाही.