पवळीचे पथ्य

सगुणेच्या ताटातून सर्वांत आधी हरभऱ्याची डाळ गेली. त्या सकाळी बाळाने गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून असा सूर लावला, की तिच्या सासऱ्यांना, काकासाहेबांना, नातू झाल्याची बातमी टेंभुर्णीच्या वेशीपर्यंत नव्याने पोचली. सासूबाईंनी, म्हणजे तुळजाबाईंनी, बाळाच्या पोटावर बोट आपटून पाहिले. पोट ताणलेल्या संबळासारखे वाजले. मग त्यांनी बाळाकडे पाठ फिरवली आणि बाळंतिणीच्या ताटात पाहिले.

"पोटात वारं धरलंय," त्या म्हणाल्या. "काल डाळ खाल्ल्ती ना तू?"

"तुम्हीच वाढल्ती, आत्याबाई."

"म्या वाढली. खाल्ली कोणी?"

आईचे अन्न दुधात उतरते आणि दुधातून बाळाच्या पोटात वारा होऊन फिरते, हा त्या घरातला सिद्धांत. त्यात थोडेफार तथ्य असेलही. पण ज्या सिद्धांताची किंमत दुसऱ्याच्या ताटातून वसूल होते, त्याला पुरावा मागण्याची पद्धत त्या घरात नव्हती. बाळाच्या बेंबीला हिंगाचा लेप एकदाच लागला. बाकीचे सारे औषध सगुणेच्या ताटावर झाले.

"पथ्य बराबर पाळ," तुळजाबाईंनी बजावले. "न्हाई तर सोनूबाईला बोलवून लेकराला डाग द्यावा लागंल."

सोनूबाई ही गावातली या कामातली जाणती बाई. पोट फुगलेल्या लेकरांच्या बेंबीभोवती ती तापलेल्या विळ्याचे टोक टेकवी, आणि लेकरू त्या नव्या दुःखाने जुने दुःख विसरले की गुण आला असे सर्वजण मानीत. शेजारच्या एका पोराच्या पोटावरचे तसे चट्टे सगुणेने पाहिले होते. माहेरी आई नव्हती, म्हणून हे पहिलेच बाळंतपण सासरी झाले होते. रागाने निघून जावे असे दुसरे घर तिला उरले नव्हते. तिने डाळीची वाटी आपल्या हाताने ताटाबाहेर सरकवली.

बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या बायांनी बाळाच्या हातावर काहीतरी ठेवावे, असा रिवाज आहे. सगुणेला भेटायला आलेल्या प्रत्येकीने तिच्या ताटातून काहीतरी उचलून नेले. शेजारच्या दुकानदार जेठमलांच्या पत्नी लाडबाई आल्या, त्यांनी वांगे नेले, आणि जाता जाता लसूणही.

"लसूण बिलकुल बंद करा, तुळजाबाई. आमच्यात तर घरातच येऊ देत न्हाईत."

"पण लसणानं दूध वाढतं म्हणतात, लाडबाई."

"दूध वाढंल, अन् दुधासंगं वारंबी वाढंल. मंग मला म्हणू नका."

लाडबाईंनी जन्मात लसूण चाखला नव्हता. त्यामुळे त्याच्या दुष्परिणामांविषयी त्यांचे मत अगदी निर्मळ होते.

त्यानंतर वैद्य बद्रीनाथ आले. ते बाळंतिणीच्या खोलीत गेले नाहीत, तसे जाणे सोवळ्याला धरून नव्हते. ओसरीवर बसून त्यांनी काकासाहेबांची नाडी पाहिली, कारण घरातले कर्ते तेच. नाडी उत्तम निघाली. मग त्यांनी आतले रडणे डोळे मिटून ऐकले आणि तूप, तुरीचे वरण व डिंकाचे लाडू वर्ज्य केले.

"लाडू तर सगळे करून ठेवलेत," तुळजाबाई दाराआडून म्हणाल्या.

"वाया घालू नका," वैद्य म्हणाले. "घरातल्या थोरामोठ्यांना चालतात."

ते चालले. काकासाहेब सकाळ-संध्याकाळ लाडू खात आणि ओसरीवर तृप्तीचे दीर्घ ढेकर देत. त्या घरात ढेकर येणारे माणूस तेवढे एकच होते. बाळाला ढेकर येणे शक्यच नव्हते, कारण मान धरेपर्यंत लेकरू उभे धरायचे नाही, आडवेच पाजायचे आणि आडवेच ठेवायचे, हा तुळजाबाईंचा दुसरा कायदा होता, आणि तो पहिल्यापेक्षाही कडक होता.

होता होता सगुणेच्या ताटात सुंठ घातलेली तांदळाची पेज तेवढी राहिली. पेजेतून खालचे ताट दिसे. नवरा मच्छिंद्र रोज दारातून डोकावून विचारी, "रडणं थांबलं का?" आणि उत्तर सर्व गावाला ऐकू येत असल्यामुळे लगेच परत जाई. ताटात काय आहे हे त्याने कधी पाहिले नाही. पाहिले असते तर पथ्य चोख चालले आहे, याचे त्याला समाधानच वाटले असते.

पेजेवर दूध किती दिवस उतरणार? ते आटत गेले. रिकाम्या अंगावर ओढणारे बाळ दुधाऐवजी काय गिळते, हे कळायला वैद्यक लागत नाही. पण घरात वैद्यक शिरले होते, म्हणून ते कोणालाच कळले नाही. पोट आणखी फुगले. तुळजाबाईंनी मग गोठ्यातल्या पवळी गाईचे दूध चोचीच्या बोंडल्याने पाजायला सुरुवात केली, अर्थात आडवेच. बाळ ते अर्धे प्यायले, अर्धे उलटले आणि पहिल्याहून वरच्या पट्टीत रडू लागले.

आता काकासाहेबांनी स्वतः लक्ष घातले. त्यांनी थोड्या पोथ्या वाचल्या होत्या, आणि थोडे वाचलेल्या माणसाला असते तशी अनुमानाची त्यांना फार आवड होती. सर्वांना ओसरीवर बोलावून त्यांनी विचारले, "नातवाच्या पोटात आता दूध कुणाचं जाऊन राह्यलं?"

"पवळीचं," तुळजाबाई म्हणाल्या.

"पवळी काय खाती?"

"सरकी, ढेप, हरभऱ्याचं भुसकट."

"हरभऱ्याचं," काकासाहेबांनी तो शब्द हवेत तसाच ठेवला. "मंग पथ्य कोणी पाळायला पाहिजे?"

तुळजाबाईंनी सवयीने आतल्या खोलीकडे पाहिले.

"पवळीनं," काकासाहेबांनीच निर्णय दिला.

न्यायाच्या दृष्टीने यात खोट काढणे अवघड होते. आत सगुणेला हसू आले होते. पण हसायला अंगात काही असावे लागते.

त्या दिवशी मच्छिंद्र प्रथमच बोलला. तोही वडिलांना काकासाहेबच म्हणे. "काकासाहेब, मुकं जनावर हाय ते. त्याची उपासमार करून कसं चालंल? दूध आटून जाईल."

सगुणेने हे भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकले. नवऱ्याला इतका दयाळू स्वर लावता येतो, हे तिला लग्नापासून ठाऊक नव्हते.

"तुझ्यापरीस मला जास्त समजतं," काकासाहेब म्हणाले. आणि पवळीपुढे कोरडा कडबा पडला.

पवळीला पोथ्यांचा धाक नव्हता. तिने पहिल्या दिवशी कडबा हुंगला, दुसऱ्या दिवशी तुडवला आणि मग धार काढायला बसलेल्या मच्छिंद्रच्या गुडघ्यावर अशी लाथ झाडली, की तो गोठ्यातून एका पायावर परतला. दूध चरवीच्या बुडालाच राहू लागले, ते सारे बोंडल्यात जाई. काकासाहेबांनी तालुक्याच्या कचेरीत लावून घेतलेली दुधाच्या चहाची सवय उपाशी राहिली. घरात आता तीन जीवांची उपासमार चालली होती. त्यांतली एकच, स्वतःची, काकासाहेबांना जाणवली.

बाळ काही थांबेना. तेव्हा तुळजाबाईंनी सोनूबाईला बोलावले. ती दुपारी आली, चुलीपुढे ऐसपैस बसली आणि विळ्याचे टोक निखाऱ्यात सारून म्हणाली, "लाल होऊ द्या जरासं. लेकराला तेल लावून आणा तवर."

सगुणा आतल्या खोलीत बाळाला छातीशी धरून बसली होती. सारे पथ्य तिने पाळले होते. एक दाणा चोरून खाल्ला नव्हता. आणि तरी विळा तापत होता.

नेमक्या त्याच वेळी पिकांची पाहणी करत फिरणारा गिरदावर दारात येऊन उभा राहिला. सरकारी पाहुण्याला चहा द्यायचा नाही, म्हणजे पुढच्या वर्षी आपले शेत त्याच्या नजरेत भरायला मोकळे सोडायचे. काकासाहेबांनी चहा मागवला. तो काळाभोर आला.

गिरदावराने एक घोट घेतला आणि कप अलगद खाली ठेवला. "अच्छा आहे," तो अदबीने म्हणाला. मग गोठ्याकडे नजर टाकून म्हणाला, "गाय तर दारात बांधेल दिसून राह्यली, काकासाहेब."

"तिचं पथ्य चालू हाय," काकासाहेब म्हणाले.

"गाईचं?"

"गाईचं."

गिरदावराने रूमी टोपीचा गोंडा नीट केला. तेवढ्या वेळात काकासाहेबांना हे सारे उद्या कचेरीत कसे सांगितले जाईल, ते अक्षरशः ऐकू आले. ते उठून माजघराच्या दाराशी गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पवळीला बाजरी शिजवून घाला. गूळ घालून. जल्दी."

"चुलीत विळा हाय," तुळजाबाई म्हणाल्या.

"काढा तो बाहेर."

विळा बाहेर आला आणि पातेले चढले. सोनूबाईला हे पसंत पडले नाही. बाजरी शिजून गोठ्यात गेली, तरी विळा तिच्या मांडीशी गारच पडला होता.

"मी बसू का जाऊ?" तिने विचारले.

"बस जराशी," तुळजाबाई म्हणाल्या. "गाईचं झालं. आता लेकराचं बघू."

हे ऐकले आणि सगुणा उठली. विचार करून उठली नाही. आग लागलेल्या घरातून जे हाताला लागेल ते उचलावे, तसे तिने बाळाला उचलले, सरळ उभेच खांद्यावर टाकले आणि मागच्या दाराने गोठ्यात शिरली. बाळाचे फुगलेले पोट तिच्या उपासाने वर आलेल्या खांद्याच्या हाडावर दाबले गेले. घाईच्या प्रत्येक पावलाला तिचा हात त्याच्या पाठीवर आपटत राहिला. आणि बाळाने ढेकर दिला.

तो काकासाहेबांच्या तोडीचा होता. पवळीने पातेल्यातून तोंड वर काढून पाहिले. मग उरलेला वारा आपल्या दुसऱ्या वाटेने, जराही संकोच न करता, बाहेर पडला. बाळाने मुठी सोडल्या, एक उचकी दिली आणि मान तिच्या गळ्याशी टाकून झोपी गेले.

गिरदावर निघून गेला होता. थोड्या वेळाने काकासाहेब, तुळजाबाई आणि हातात विळा घेतलेली सोनूबाई गोठ्याच्या दाराशी आली. आत बाळ निजले होते, आणि पवळी पातेले चाटत होती. काकासाहेबांनी दोन्हींकडे पाहिले. त्यांना अनुमान झाले.

"बघा," ते म्हणाले. "गाय जेवली अन् लेकरू निजलं. गाईची भूक लेकराच्या पोटात बोलून राह्यल्ती."

"तुम्हीच तर तिचं बंद केल्तं," तुळजाबाई म्हणाल्या.

"बंद केलं म्हणून तर समजलं," काकासाहेब म्हणाले, आणि हा प्रयोग आपण पहिल्यापासून हेतुपूर्वक केला होता, अशा चेहऱ्याने ओसरीकडे वळले. सोनूबाई सूपभर ज्वारी घेऊन घरी गेली.

"मंग आत्याबाई, माझं पथ्यबी—" सगुणेने हळूच विषय काढला.

"तुझं राहू दे तसंच. लेकरू आता पवळीच्या दुधावर हाय."

सगुणेने मान हलवली. मग म्हणाली, "पवळीला रोजचं मी चारत जाते. तेवढंच लेकरासाठी."

सूनबाईच्या तोंडून निघालेले हे पहिले शहाणपणाचे बोलणे, असे तुळजाबाईंनी लाडबाईंनाही सांगितले.

रोज गूळ घातलेली बाजरी शिजू लागली. सगुणा बाळाला खांद्यावर घेऊन, वर पदर ओढून पातेले गोठ्यात नेई; पदराआड लेकरू उभे आहे की आडवे, हे दिसत नसे. गोठ्यातून परतायला तिला वेळ लागे. हळूहळू तिच्या अंगावर दूध आले, आणि बोंडले फळीवर कोरडे पडून राहिले; काकासाहेबांचा चहा पुन्हा दुधाचा झाल्यामुळे तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. बाळ शांत झाले. पवळीचा गुण आला, असे घरात सर्वांचे एकमत होते.

एकदा तुळजाबाई ढेप मोजायला अचानक गोठ्यात आल्या. सगुणेचा हात पातेल्यात होता आणि गाल फुगलेला होता.

"काय करू लागलीस तू?"

सगुणेने घास गिळला. गिळताना जेवढा वेळ मिळाला, तेवढा तिला पुरला. "पवळी खात न्हाई, आत्याबाई. म्या आधी घास घेतला तरच तोंड लावती. उपासापासून धास्तावली हाय."

तुळजाबाईंनी गाईकडे पाहिले. पवळी तोंड फिरवून रवंथ करत होती. सगुणेने त्यांच्यादेखत आणखी एक मोठा घास घेतला. आणि आपला वाटा संपत चालला असे पाहून पवळीने घाईने पातेल्यात मुसकट घातले.

यापरता पुरावा कोणता? तुळजाबाईंचा चेहरा गंभीर झाला. "मंग घी की अजून. लाजतीस कशापायी? गाय उपाशी राह्यली तर लेकराला वारं धरंल."

काकासाहेबांना सांगताच त्यांनी सांगितले, की मुक्या जनावराला विश्वास लागतो, आणि असे होणार हे त्यांना ठाऊकच होते. वैद्यांचा सल्ला घेतला. त्यांनी पवळीच्या बाजरीत तूप घालायला सांगितले. पुढे गाईला डिंकही मानवतो असे ठरले.

रोज संध्याकाळी काकासाहेब ओसरीवरून आत आवाज देत, "गाईनं खाल्लं का पोटभर?" त्या घरात असा प्रश्न सगुणेविषयी कोणाला कधी पडला नव्हता, आणि पुढेही पडला नाही.

"खाल्लं, मामंजी," ती बाळाच्या पाठीवर थोपटत आतून सांगे. "पण आज जरासं कमीच पडलं."

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंनी मोठे पातेले काढले.