तियो पाब्लिंगचं ताट

पिवळ्या बदकाचं चित्र असलेला छोटा टॉवेल. मूळचा पांढरा.

मी बेटावर जन्मले. मला पोहता येत नाही.

तूर, कच्चा फणस, डुकराचे पाय. मंद आचेवर तीन तास.

कॉलेजच्या अर्जावर एक ओळ होती: आणीबाणीच्या वेळी कोणाला कळवावे? माझ्या वडिलांनी, म्हणजे तातायनी, कागद उलटून मागची बाजूही भरली.

दुसरीत असताना मी पहिल्यांदा एकटी दुकानात गेले. दुकान आमचंच होतं, आमच्याच पुढच्या खिडकीत. तरी आजी सोडायला आली.

आता मुद्द्यावर येते. घर कसं सोडावं हे कोणी शिकावं तर माझ्याकडून. भांडण नाही, रडारड नाही, पळून जाणं तर मुळीच नाही. मी आमच्या आजीचा, लोलाचा, नियम लोलावरच उलटवला. इतकी सुबक योजना आमच्या गिमारास बेटावर त्याआधी कोणी आखली नसेल. ती तीन तास टिकली, ही गोष्ट वेगळी.

पण आधी टॉवेल.

घामेजलेली पाठ वाऱ्यावर वाळली की पोर आजारी पडतं, असं आमच्याकडे प्रत्येक आईला वाटतं. म्हणून मुलांच्या सदऱ्यात, पाठीवर, टॉवेल खुपसतात. इतर मुलांचा तिसरी-चौथीत निघतो. माझा सोळाव्या वर्षी, शाळेच्या निरोपसमारंभातल्या नाचातही होता. नव्या निळ्या झग्याच्या आत. रोडेल नावाच्या मुलाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवल्या ठेवल्या काढला.

"तुझं ऑपरेशन झालंय का?"

"बदक आहे," मी म्हणाले.

तो सरबत आणायला गेला. अजून आलेला नाही.

गाणी लावणारा माणूसही त्या दिवशी गाणी सोडून आमच्याकडेच टक लावून बघत होता. तो माझा मामा, तियो पाब्लिंग. एरवी ट्रायसिकल, म्हणजे आमच्याकडची तीनचाकी रिक्षा, चालवतो.

ताताय पहिलीपासून वर्गाच्या खिडकीबाहेर चिंचेखाली उभे असायचे. चौथीत बाईंनी त्यांच्या हाती शाळेची घंटा दिली. नाहीतरी उभेच आहात, म्हणाल्या. सहलीसाठी पालकांची सही लागायची. ताताय सही करायचे आणि बसमध्ये चढायचे. माझ्या शेजारची जागा कायम घरचंच कोणीतरी भरायचं, त्यामुळे तिथे दुसरं कोणी बसलंच नाही. शाळा संपेपर्यंत. मला वाटायचं, ती जागा एकदा मोकळी झाली की रांग लागेल.

कॉलेज मिळालं समुद्रापलीकडे, इलोइलो शहरात. बोटीने वीस मिनिटं.

"रोज जाऊन येऊन कर," ताताय म्हणाले. "मी येईन बरोबर."

"आणि कॉलेजच्या खिडकीखाली पण उभे राहणार?"

"कितव्या मजल्यावर आहे वर्ग?"

शेवटी आईने, नानायने, तोडगा काढला. मी तिथे खोली घेऊन राहायचं, पण आधी एक आठवडा. तातायनी अट घातली: आठवड्यात जरा जरी काही झालं, तरी सामान उचलायचं आणि घरी. मग रोज त्यांच्याबरोबर बोटीने.

मी मान्य केलं. प्रश्न पोचवण्याचा होता. ताताय, नानाय, लोला आणि तियो पाब्लिंग, चौघेही पोचवायला येणार होते, आणि माझ्या नव्या खोलीत राहणाऱ्या देसिरीला तर मी आधीच फोनवर लिहून बसले होते, 'आमच्या घरी कोणी काही विचारत नाही. मला एकटीची सवय आहे.'

इथे लोलाचा नियम उपयोगी पडला.

जेवण चालू असताना कोणी बाहेर निघालं, तर बसलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी एक फेरा फिरवायचं. म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. हे आमच्याकडे खूप जण करतात. लोलाने त्याला एक शेपूट जोडलं होतं: ताट फिरवल्यावर, जाणारा दिसेनासा होईपर्यंत कोणी उठायचं नाही.

रविवार. दुपारचे बारा. तूर-फणसाची आमटी वाढून झाली, सगळ्यांचा पहिला घास तोंडात गेला, आणि मी उठले. पिशवी दाराआड तयार होती.

"बोट भरत आलीय. निघते."

"खाली बस," नानाय म्हणाली. "आम्ही पण येतोय ना..."

"ताटं," लोला म्हणाली.

संपलं. लोलापुढे कोणाचं चालत नाही. ताताय अर्धवट उठले होते; लोलाने सदऱ्याला धरून त्यांना खाली ओढलं. मी दारातून एकदा वळून पाहिलं आणि चालू लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे कोणाच्या चपला वाजत नव्हत्या.

खोलीत तीन खाटा होत्या, एकीवर एक चढवलेल्या. देसिरी आणि क्वीनी बॅचॉयच्या गरम शेवया खायला निघाल्या होत्या. बॅचॉय मला प्राणाहून प्रिय.

"तुला विचारलं असतं," देसिरी म्हणाली, "पण तुला एकटं बरं वाटतं ना."

"हो," मी म्हणाले. "फारच."

त्या गेल्या. मी सगळ्यात वरच्या खाटेवर चढून बसले. मग दुसऱ्या कडेला सरकून बसले. दोन्हीकडे जागा होती. पंखा कुरकुरत होता. आमच्या घरचा पंखाही कुरकुरत असणार, पण तिथे तो कधी ऐकूच आला नाही. कोणी ना कोणी बोलतच असतं. मी भिंतीवरच्या पाली मोजल्या. दोन. एकमेकींच्या शेजारी.

मग फोन वाजला.

ताताय: पाब्लिंगने ताट फिरवलं नाही.

ताताय: कुठे आहेस

मी: खोलीत. सुखरूप पोचले.

ताताय: अजून दिवस संपलेला नाही.

ताताय: कशावर बसली आहेस

मी: खाटेवर. वरच्या.

ताताय: खाली उतर.

ताताय: नको उतरू, पडशील. हलू नकोस. आम्ही बोटीत आहोत.

तीन वाजता फाटकाशी ट्रायसिकल थांबली. मी खाली उतरून फाटकाबाहेर गेले. ताताय आमटीचं पातेलं छातीशी धरून उतरले. लाटेने निम्मी आमटी त्यांच्या सदऱ्यावर आणली होती, त्यामुळे ते येण्याआधी त्यांचा वास आला. नानायकडे फडक्यात बांधलेली ताटं. लोलाकडे छत्री आणि कापडी पिशवी. आणि तियो पाब्लिंगच्या हातात त्याचं स्वतःचं ताट, वेगळं, पोलिसांनी जप्त केल्यासारखं.

घरमालकीण मानांग नेनिता फाटक अडवून उभी राहिली.

"पुरुषांना आत मनाई. रविवारी तर मुळीच नाही."

"एक ताट फिरवायचं राहिलंय," लोला म्हणाली.

मानांग नेनिताने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच माझी नाडी चाचपली.

"निघाली कधी?"

"बाराला."

"आणि आता तीन. मग बाहेर काय उभे आहात? आत घ्या पोरीला."

खालच्या मोठ्या टेबलावर पानं मांडली गेली. मानांग नेनिताही बसली. आमटीला नाही कसं म्हणणार.

"दाजी, मी तर..." तियो पाब्लिंगने सुरुवात केली.

"तू जेव," ताताय म्हणाले.

"अहो पण मी खरंच..."

"पाब्लिंग. जेव." मग माझ्याकडे न बघता, "इंदाय, दोनच मार्ग आहेत. घरी चल आणि तिथून नीट नीघ. नाहीतर इथून नीट नीघ."

मी एक वाक्य बोलले असते, तर सगळे आल्या पावली परत गेले असते. मी तातायच्या शेजारी बसले आणि आमटी वाढून घेतली.

पहिल्यांदा मी उठले, तेव्हा मानांग नेनिताही उठली. समोरच्या दुकानातून मिरच्या आणायच्या होत्या तिला. लोला म्हणाली, "आता ताटं फिरवली तर पुण्य मिरच्यांना जाईल. बसा दोघी." दुसऱ्यांदा मी दारापर्यंत पोचले, तर जिन्यावरून नर्सिंगची एक मुलगी उतरली, चर्चला निघालेली. सगळ्यांनी सवयीने ताटं फिरवली. ती अगदी सुखरूप गेली. मला परत बसवलं.

तेवढ्यात देसिरी आणि क्वीनी आल्या.

"हे कोण?" देसिरीने विचारलं.

"तू कोण?" लोलाने विचारलं.

"मी हिच्या खोलीतली."

लोलाने तिला हाताला धरून बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "भिजलीय पोर. हिला आई आहे की नाही?" लोलाच्या पिशवीतून बदकाचा टॉवेल निघाला आणि देसिरीच्या सदऱ्यात गेला. क्वीनीचं गाव, तिच्या आईचा खोकला आणि तिला शेवटचा ताप कधी आला होता, हे लोलाने पुढच्या दोन मिनिटांत काढून घेतलं.

देसिरीने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या घरी कोणी काही विचारत नाही ना?"

"आज रविवार आहे म्हणून," मी म्हणाले.

तिसऱ्यांदा जमलं. सगळी ताटं एकदम फिरली, उरलेली आमटी टेबलभर झाली. मागून लोला ओरडली, "नुसती कोपऱ्यावर थांबून परत येऊ नकोस. कुठेतरी पोच."

कुठे पोचायचं? या शहरात मला एकच पत्ता माहीत होता. मी चालत कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले. बंद. पहारेकरी खुर्चीत वारा घेत होता.

"सुट्टी आहे, इंदाय. काय काम होतं?" आमच्याकडे कुठल्याही पोरीला इंदायच म्हणतात.

"काही नाही. पोचायचं होतं."

"मग?"

"पोचले."

त्याने थोडा विचार केला आणि वही पुढे केली. मी नाव लिहिलं, वेळ लिहिली. पुढे रकाना होता, 'कोणाला भेटायचे'. मी पेन धरून उभी राहिले.

"रेघ मारून टाक," तो म्हणाला.

मी रेघ मारली. मग तातायना कळवलं: पोचले.

परत आले तर टेबल पुसलेलं होतं. खुर्च्या आत सरकवलेल्या.

"गेले," मानांग नेनिता म्हणाली. "तुझा निरोप आला, तुझ्या वडिलांनी तो दोनदा वाचला आणि उठले. बोट पकडायची होती."

"आठवड्याचं काही बोलले?"

"म्हणाले, राहील ती."

जिंकले म्हणायचं. आठवड्याची परीक्षा मी एका दुपारी पास झाले. पुढची चार वर्षं माझी, माझ्या शेजारच्या जागेसकट.

मग लक्षात आलं. ते निघाले तेव्हा जेवणं आटपली होती. त्यांच्यासाठी ताट फिरवायला टेबलाशी कोणीच नव्हतं.

झाकणाखाली एका वाटीत आमटी ठेवलेली होती, माझ्यासाठी. पोट गळ्यापर्यंत भरलेलं होतं. तरी ताट घेतलं, आमटी ओतली, बसले, एक घास खाल्ला. ताट फिरवलं. लोलाचं एक. नानायचं एक. तियो पाब्लिंगचं. तातायचं जरा सावकाश.

देसिरी जिन्यावर उभी होती.

"कोण निघालंय?"

"सगळे."

ती दोन पायऱ्या उतरली. सदऱ्यातून तिच्या पाठीवरचा उंचवटा दिसत होता.

"हा टॉवेल परत देऊ का?"

"राहू दे," मी म्हणाले. "वर पंखा आहे."

ती वर गेली. मी घड्याळ बघत वीस मिनिटं टेबलाशीच बसले, कारण जाणारा दिसेनासा होईपर्यंत उठायचं नसतं, आणि इथून तर मुळात समुद्रच दिसत नाही.

दुपारी बारा वाजता तियो पाब्लिंगने ताट फिरवलं होतं, सगळ्यांच्या आधी. मी दारातून पाहिलं. ताताय त्याच्या शेजारीच बसले होते.