पायऱ्यांचं गाणं आणि मेन स्विच

"…तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा आवाज जाणार म्हणे, कायमचा. आणि नवऱ्याने तर खोलीत कॉम्प्युटर लावून…"

एवढंच कानावर आलं आणि वर कुठलंसं दार बंद झालं.

मी तेव्हा जिन्यात बसून चपलेचा अंगठा नीट करत होतो. (अंगठा धडधाकट होता. पण जिन्यात नुसतं उभं राहून ऐकणं बरं दिसत नाही. वाकून काहीतरी करत असलं की माणूस सभ्य दिसतो.) माझं शिवणकामाचं दुकान याच इमारतीच्या तळमजल्यावर, आणि घर दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे दिवसातून सहा-सात वेळा जिना चढणं-उतरणं होतं आणि इमारतीतलं पुष्कळसं मला आपोआप कळतं. उरलेलं मी विचारतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मध्ये पडू नका. त्यांना वाटलं तर त्या सांगतील."

"मध्ये कुठे पडतोय? फक्त विचारून येतो."

फक्त विचारून यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. माझ्या हातून आजवर जे काही झालंय, त्याची सुरुवात अशीच लहान असते.

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना आम्ही काटेवाले म्हणतो, कारण ते ट्रकच्या वजनकाट्यावर कारकून आहेत. पेन्सिल ठेवतानाही किती ग्रॅमची असेल याचा अंदाज घेऊन ठेवणारा माणूस. त्यांची एक पँट माझ्याकडे टाचायला होती. ती अर्धवट टाचून, सुई तशीच लटकत ठेवून मी वर गेलो.

दार उघडलं तर बैठकीची खोली ओळखू येईना. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीवर रजई, कपाटाला ब्लँकेट. मधोमध एका काठीला माइक बांधलेला, आणि टेबलावर ऑफिसने मोडीत काढलेला भलामोठा कॉम्प्युटर. समोर काटेवाले, डोक्यावर हेडफोन.

"काटेवाले, घर बदलताय की काय?"

"मास्तर, हळू बोला. रेकॉर्डिंग चालू आहे."

"कुणाचं?"

"आता तुमचं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबून ते पुसून टाकलं.

मग आतून वहिनी आल्या आणि खरा प्रकार समजला. गळ्यात गाठ होती, सोमवारी सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं परत येईल, काळजी नको, पण गाताना वरच्या पट्टीचं मी काही सांगू शकत नाही. आणि वहिनींचं एक गाणं होतं, त्यांनीच रचलेलं. मुलगी लहान असताना एका हातात पिशवी आणि कडेवर मुलगी असं चोपन्न पायऱ्या चढताना त्या ते म्हणायच्या. तीन मजले, तीन कडवी. शेवटी आपल्या दारात पोचलं की ओळ जी वर जायची, ती ऐकून पोर टाळ्या पिटायची. ती पोर आता दूर देशी आहे, स्वतःच आई व्हायच्या बेतात आहे. तिने फोनवर एवढंच मागितलं होतं, "आई, ऑपरेशनच्या आधी पायऱ्यांचं गाणं पाठव."

"स्टुडिओत का नाही जात?" मी विचारलं.

"गेलो होतो," काटेवाले म्हणाले. "काचेपलीकडे अनोळखी माणूस बसलेला बघून हिचा आवाजच फुटेना. म्हणून मी शिकलो."

महिनाभर हा माणूस वजनकाट्यावरून आल्यावर कॉम्प्युटरसमोर बसून शिकत होता आणि मला पत्ता नव्हता. (हे मला जरा लागलं.) मी म्हटलं, मलाही समजावून सांगा. त्यांनी पडद्यावर दाखवलं. आवाज म्हणजे हिरव्या डोंगरांची एक रांग. डोंगर फार उंच झाला तर लाल दिवा लागतो, म्हणजे आवाज फाटला. आधी गाणं घ्यायचं, ते रेकॉर्डिंग. मग त्याची खरखर काढायची, कुठे वर, कुठे खाली करायचं, त्यात पेटीचे सूर बसवायचे, ते मिक्सिंग. आणि शेवटी सगळ्यावर एक हात फिरवायचा, की रेडिओवर लावा नाहीतर फोनवर, सारखंच चांगलं वाजावं, ते मास्टरिंग.

"म्हणजे माप घेऊन बेतणं, शिलाई आणि इस्त्री," मी म्हणालो.

काटेवाल्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. "महिनाभर मला हे कुणी एवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं नाही."

मी नववी नापास आहे. पण त्या दिवशी जिना उतरताना मी पदवी घेऊन उतरत होतो.

तेव्हापासून ते रेकॉर्डिंग माझंही झालं. वहिनींनी 'प' किंवा 'फ' म्हटला की माइकमध्ये फटका बसायचा. मी भरतकामाच्या लाकडी कड्यावर दुपदरी जाळीचं कापड ताणून माइकपुढे बांधलं, फटका बंद. दुकानातल्या अस्तराच्या चिंध्यांच्या उश्या करून दाराच्या फटीत ठोसल्या. काटेवाले म्हणाले, "मास्तर, खोलीतला आवाज आता एकदम कोरा येतोय." मी बायकोला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा तिनेच वाक्य पुरं केलं.

पण इमारतीचं काय करणार? पहिल्या दिवशी पहिल्या कडव्यात समोरच्या घरातली कुकरची शिट्टी आली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पलंग सरकवला. तिसऱ्या दिवशी गाणं ऐन रंगात असताना दाराबाहेर कुणीतरी खोकलं. (तो मीच होतो. दाराला कान लावला की मला खोकला येतो.) शनिवारी वहिनी म्हणाल्या, "गळा दुखायला लागलाय हो. उद्या एकदा म्हणेन. त्यापुढे नाही जमायचं."

मी म्हणालो, "वहिनी, उद्या चार ते साडेचार या इमारतीत टाचणी पडली तर तिचं नाव मला सांगा."

रविवारी सकाळपासून मी दारोदार हिंडलो. कुकर लावायचा नाही, पलंग हलवायचा नाही, नळ सोडायचा नाही, शिंक आली तर उशीत. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "आणि श्वास?"

"नाकाने घ्या."

चारला पाच मिनिटं कमी असताना मी जिन्याच्या तळाशी उभा राहिलो. वर दार लागलं. इमारत अशी गप्प झाली की मला माझ्या मनगटावरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मग वरून, रजया-गाद्यांतून गाळून, बारीकसं गाणं यायला लागलं. पहिला मजला झाला. दुसरा झाला. कुठे म्हणून आवाज नाही. माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं वरचं बटण ताणलं गेलं. (शिलाई माझीच. टिकलं.)

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर तळघरातला पाण्याचा पंप सुरू झाला.

सगळ्या माणसांना मी बजावलं होतं, पण पंपाला सांगायचं राहून गेलं. टाकीतलं पाणी उतरलं की तो आपला आपण सुरू होतो. घुर्रर्र करत पायाखालची फरशी थरथरायला लागली. वरती शेवटची ओळ यायला दोन ओळी राहिल्या असतील. मी धावत मीटरच्या खोलीत शिरलो. तिथे वीस-पंचवीस स्विच आणि एकावरही नाव नाही. पंपाचा कुठला ते शोधायला वेळ कुठे होता? सगळ्यांच्या वर एक मोठा लाल दांडा होता. तो मी दोन्ही हातांनी खाली ओढला.

पंप थांबला. कुठल्याशा घरातला पंखा थांबला, फ्रीज थांबले, ज्यांचं गुणगुणणं आपल्या लक्षातही येत नाही ते सगळं थांबलं. अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आणि तिच्यात वहिनींची ती ओळ वर गेली, अशी स्वच्छ, अशी सरळ, की मी दांडा धरूनच डोळे मिटले. मनात म्हटलं, मास्तर, हे तुझं काम.

वर पोचलो तेव्हा काटेवाले दारात उभे होते. हेडफोन गळ्यात, चेहरा पांढरा.

"मास्तर, लाइट गेली."

"गेली नाही," मी म्हणालो. "मी घालवली."

"का?"

"पंप वाजत होता. आता बघा कसं शांत आहे."

त्यांनी नुसतं टेबलाकडे बोट केलं. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता.

तो विजेवर चालतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं शिलाईचं मशीनही विजेवरच चालतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात आवाज थांबवायचा एवढंच होतं, आणि वीज थांबवली की आवाज घेणंही थांबतं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी त्यांच्या दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, गळ्यावर हात ठेवून. मी म्हणालो, "वहिनी, मला काय बोलायचं ते बोला."

"बोलवत नाहीये भाऊजी," त्या म्हणाल्या. "नाहीतर बोलले असते."

मी खाली जाऊन दांडा वर केला. काटेवाल्यांनी कॉम्प्युटर चालू केला. तो सुरू व्हायला जेवढी मिनिटं लागली तेवढ्यात मी दोन वेळा देवाचं नाव घेतलं आणि एकदा पंपाला शिव्या दिल्या. मग पडद्यावर काहीतरी सूचना आली आणि काटेवाले खाली वाकले.

"आहे," ते म्हणाले. "येईल तसा आवाज हे आपलं आपण लिहून ठेवत असतं. सगळं आहे मास्तर. फक्त…"

त्यांनी लावलं. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरं कडवं, पंपाची घुरघुर तर गाद्यांनीच अडवलेली. शेवटच्या ओळीच्या तोंडाशी डोंगर कापल्यासारखा संपला. पुढे कोरी पट्टी.

जी ओळ उद्यानंतर कदाचित कधीच येणार नव्हती, नेमकी तीच मी घालवली होती.

एव्हाना टाकी भरून पंप आपला आपण थांबला होता, आणि वीज कुणी घालवली ते विचारायला सगळी इमारत जिन्यात जमली होती. शिक्षिकाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. सगळे तसेच पायऱ्यांवर उभे राहिले. वहिनी उठल्या, दारापर्यंत आल्या, खाली वळत गेलेल्या त्या चोपन्न पायऱ्यांकडे बघत राहिल्या. मग काटेवाल्यांना म्हणाल्या, "वायर इथवर येईल का?"

"इथे? जिन्यात? अगं, इथे घुमतं सगळं."

"घुमू दे. मी ते इथेच म्हणायची."

वायर तीन हात कमी पडली. टेबल मी आणि काटेवाल्यांनी उचलून दारात आणलं. माइकची काठी धरायला कुणी नव्हतं, मी धरली. वहिनींनी कठड्यावर हात ठेवला आणि ती एकच ओळ म्हटली, एकदाच. गाद्यांमध्ये जी ओळ सरळ वर जायची, ती जिन्यात वर गेली, छताला लागली आणि प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत खाली उतरली. कुणी खोकलं नाही. मीसुद्धा नाही.

काटेवाल्यांनी बटण दाबून थांबवलं आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

पुढचे दहा दिवस वहिनी दवाखान्यात आणि मग घरी, बोलायची बंदी, हातात पाटी-पेन्सिल. आणि काटेवाले मिक्सिंगला. अडचण अशी होती की गाणं सगळं गाद्यांतलं, कोरं, आणि शेवटची ओळ जिन्यातली. जोड दिसत होता. मी म्हणालो, "एका कापडाला दुसरं जोडताना मी एकदम जोडत नाही. आधीपासून थोडी थोडी चुणी देत आणतो." काटेवाल्यांनी विचार केला आणि तसंच केलं. पहिल्या कडव्यात घुमण्याचा एक ठिपका, दुसऱ्यात थोडं जास्त, तिसऱ्यात आणखी. ऐकताना असं वाटतं की बंद खोलीतून कुणी हळूहळू जिन्यावर येतंय आणि शेवटी दारच उघडतंय. मग इस्त्रीसाठी, म्हणजे मास्टरिंगसाठी, त्यांनी ते माझ्या दुकानातल्या जुन्या रेडिओवर, शिक्षिकाबाईंच्या फोनवर आणि कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या गाडीत लावून पाहिलं. सगळीकडे मी बरोबर होतो. गाडीत जागा नव्हती, मांडीवर बसलो.

मुलीला पाठवलं. ती रडली आणि मग म्हणाली, "बाबा, शेवटी ते जिन्यासारखं कसं केलंत?" काटेवाले म्हणाले, "आपले मास्तर आहेत ना खाली, त्यांची कल्पना." तो माणूस एक ग्रॅमही इकडचा तिकडे होऊ देत नाही, पण त्या दिवशी त्याने माझ्या पारड्यात मापाबाहेर टाकलं. मी ते परत केलं नाही.

अकराव्या दिवशी बोलायची बंदी उठणार होती. आवाज आहे की गेला, हे सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं. (काठी मी धरली होती.) सकाळीच वर गेलो, दार उघडंच होतं, आत डोकावलो. वहिनींनी पाटी बाजूला ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा एक वाक्य बोलल्या. आवाज थोडा घोगरा, पण त्यांचाच. मग आत जाऊन पेटीवर सूर लावून बघितला. काटेवाल्यांनी मोजलं, वरचे दोन सूर गेले, बाकी सगळे जागेवर.

मी धावत खाली आलो. दुकानासमोर शिक्षिकाबाई आणि पेपरवाला उभे होते.

"आवाज कायमचा जाणार म्हणत होता ना? फक्त वरचे दोन सूर गेले. बाकी आहे तसा आहे. आणि पहिलं वाक्य त्या माझ्याशीच बोलल्या."

"काय म्हणाल्या?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही. पहिलं वाक्य माझ्याशी बोलल्या, हे महत्त्वाचं."

आमची बायको दुकानाच्या दारात बटणांचा डबा घेऊन उभी होती. "'भाऊजी, दार लावून घ्या, बाहेरून,' असं म्हणाल्या असतील," ती म्हणाली.

शब्दनशब्द बरोबर होता. मी मशीनवर बसलो आणि काटेवाल्यांची पँट पुरी टाचायला घेतली.