कीडकाकांना मारू नका!

आमच्या घरात ‘मी करतो’ असं म्हणायला मला बंदी आहे. बंदी हिने घातली आहे. कारणं पुष्कळ आहेत. त्यातलं एक अजून स्वयंपाकघराच्या छताला चिकटलेलं आहे. तरी त्या रविवारी ते शब्द माझ्या तोंडून निसटलेच.

त्याचं असं झालं. ही प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते. मुलांना दात घासायची सवय लावायची, तर शाळेच्या मोठ्या बाईंचं म्हणणं, “फळ्यावर लिहा, ‘सकाळी व रात्री दात घासावेत.’ दहा वेळा उतरवून घ्या. संपलं!” हिचं म्हणणं, वही भरली म्हणून दात स्वच्छ होत नाहीत, आपण नाटक करू. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, “करा. शुक्रवारी दातांच्या डॉक्टर तपासायला येताहेत. त्यांनी शाबासकी दिली तर ठीक, नाहीतर पुन्हा असली थेरं माझ्या शाळेत नकोत.”

झालं! हिने चंग बांधला. झाडूच्या दांड्याला फोम लावून माणसाएवढा ब्रश केला. घरातल्या सगळ्या उशा पांढऱ्या अभ्र्यांत घालून त्यांचे दात केले. (मी आठवडाभर हातावर डोकं ठेवून झोपलो.) आणि ऐन वेळी, कीड होणाऱ्या शिपायाने अंग काढून घेतलं. म्हणाला, “पोरं जन्मभर मला कीड म्हणतील.” शहाणा माणूस!

“आता कीड कोण होणार?” ही डोक्याला हात लावून बसली.

“मी करतो,” मी म्हणालो.

हिने एकदा छताकडे पाहिलं. पण दुसरा इलाज नव्हता. “नीट ऐका,” ती म्हणाली, “यायचं, हाहाहा हसायचं, उशी कुरतडायची, मी ब्रश मारला की मरायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही.”

आता तुम्हीच सांगा, कॉलेजच्या एकुलत्या एका नाटकात ज्याने पहारेकऱ्याचं काम केलं, पडदा उघडताना जो उभा होता आणि पडतानाही तसाच उभा होता, त्याला पहिल्यांदा मरायची संधी मिळाली तर तो आपल्या पदरचं घालणार नाही का?

सोमवारी काळी चादर पांघरून, डोक्याला मोज्यांची शिंगं बांधून मी वर्गात उडी घेतली. पोरं किंचाळली! मी हसलो, ती आणखी किंचाळली! मी उशीचा असा काही चावा घेतला की कापूस बाहेर आला. अंगात नुसती वीज सळसळत होती. तेवढ्यात ही ब्रश घेऊन धावून आली आणि तिने माझ्या पाठीत एक ठेवून दिला. (जरा जास्तच जोरात. छताचा हिशेब असावा.)

पण पहिल्या फटक्यात मरायचं? एवढे डोळे माझ्यावर खिळलेले असताना? मी गुडघ्यांवर बसलो आणि कळवळून ओरडलो, “मार! मला खुशाल मार! पण माझ्या लेकरांना मारू नकोस! कालपासून त्यांच्या पोटात साखरेचा कण नाही गं!”

वर्ग चिडीचूप झाला.

“अहो, मरा ना!” ही दातओठ खात कुजबुजली. (संसारात हे वाक्य मी पूर्वीही ऐकलं आहे, पण इतक्या काकुळतीने नाही.)

मी मेलो नाही. लंगडलो, खोकलो, बायकोमुलांचा निरोप घेतला. पहिल्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी बसते. पुढचे दोन दात पडलेत, म्हणून सगळे तिला खिडकी म्हणतात. ती ताडकन उठली. “बाई, नका ना मारू कीडकाकांना!”

मग काय विचारता! पोरं ब्रशला लोंबकळली. कुणी मला मिठी मारली, कुणी रडत रडत माझ्या तोंडात टॉफी कोंबली. उजव्या दाढेतून अशी कळ गेली की पुढचा आक्रोश मला मुद्दाम करावा लागला नाही. (ती दाढ बरेच दिवस कुरकुरत होती. हिला बोललो नव्हतो. बोललं की डॉक्टरकडे जावं लागतं.) शेवटी पोरांच्याच मांडीवर डोकं ठेवून मी प्राण सोडला. हुंदक्यांनी वर्ग भरून गेला. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्या हुंदका देत नव्हत्या.

“रडवलं! अख्खा वर्ग रडवला!” घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

ही माझ्यापुढे झपाझप चालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हिचा फोन खणखणू लागला. सगळे पालकच. मुलं दात घासायला तयार नव्हती! ब्रश दिसला की तोंड मिटायची. “कीडकाकांची बाळं मरतील!” एका पठ्ठ्याने तर त्या बाळांसाठी गालात बिस्किटाचा तुकडा ठेवून झोप काढली होती. खिडकीच्या आईने सांगितलं, खिडकीने तर घरातले सगळे ब्रश लपवले होते. वडिलांचासुद्धा.

“मी एवढी मरमर केली,” ही म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. “आता मोठ्या बाई मला उरलेली सगळी वर्षं फळ्यावर लिहायला लावतील.”

मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. “अगं, मी करतो काहीतरी,” म्हणणार होतो, पण जीभ आवरली.

“शुक्रवारी रजा काढा,” तीच म्हणाली. “तुम्ही घाण केलीत, तुम्हीच निस्तरा.”

शुक्रवारी मी साध्या कपड्यांत वर्गात गेलो. म्हटलं, पोरांना समजावू, की कीड वाईट असते आणि ती कीड मीच झालो होतो, सगळं खोटं होतं. तोंड उघडायच्या आत खिडकी ओरडली, “कीडकाका जिवंत आहेत!” बाकांवर उड्या, टाळ्या, शिट्ट्या! पाचपंचवीस हात माझ्या खिशात टॉफ्या भरू लागले. आणि नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई डॉक्टरीणबाईंना घेऊन आत आल्या.

“चला, आ करा पाहू!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अख्ख्या वर्गाने तोंडावर हात ठेवले. दोन्ही हात. डॉक्टरीणबाईंनी लाडीगोडी लावली, मोठ्या बाईंनी डोळे वटारले. एक तोंड उघडेना. ही फळ्याशी उभी होती, आणि तिचे डोळे भरले होते.

“घाबरलेत हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आधी काकांचं बघू. काका, आ करा.”

“मी? छे, माझं कशाला...”

“अहो!” ही म्हणाली.

मी आ केला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली, आणि एक पाऊल मागे सरकल्या. “अगं बाई! ही तर खरीच कीड!”

“खरी?” खिडकीचे हात खाली आले. “कीडकाकांचं घर? बघू! मला बघू!”

आणि वर्गाने रांग लावली. डोळे मिटून, तोंड वासून मी खुर्चीत बसलो, आणि खिडकी बॅटरी घेऊन आत डोकावली.

“शी!” ती किंचाळली. “केवढं भोक! काळं! आणि वास!”

“बघू! शी! ई ई ई!” मागून एकेक डोकं येत होतं आणि नाक धरून पळत होतं.

“बाई,” खिडकी ठामपणे म्हणाली, “कीडकाका मेले तरी चालतील.” आणि तिने दप्तरातून घरून लपवून आणलेला आपला ब्रश काढला; बाकीच्यांनी डॉक्टरीणबाईंच्या पेटीतले नवे ब्रश पटापट उचलले. नळाशी एकच झुंबड! सगळी पोरं तोंडाला फेस येईस्तोवर घासत होती, थुंकत होती, पुन्हा घासत होती. परत येऊन डॉक्टरीणबाईंसमोर जी तोंडं उघडली, ती मिटायलाच तयार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी हिच्या पाठीवर थाप दिली. ही हसत होती, रडत होती, मुलांचे गाल पुसत होती. आनंदाने माझाही ऊर भरून आला. (तोंड अजून उघडंच होतं.)

मोठ्या बाईंनी घसा साफ केला. “पटलं मला. लिहून घेण्यात अर्थ नाही, डोळ्यांनी दाखवलं की मुलं शिकतात. सोमवारी पहिलीला, मंगळवारी तिसरीला, सगळ्या वर्गांना दाखवू.”

“नाटक?” मी उडालोच. शिंगं कुठे ठेवली आहेत ते मनात आठवूही लागलो.

“छे, छे, नाटक नको,” मोठ्या बाई हिला म्हणाल्या. “यांना नुसतं तोंड उघडून बसवा. आणि डॉक्टर, तोवर ती दाढ भरू नका.”