मानवी वापरासाठी नाही

माझ्या भाच्याला, ऋतुराजला, औषध कार्यालयाने गेल्या महिन्यात उंदीर ठरवलं. आदेश रीतसर होता, सही-शिक्क्याचा.

ऋतुराजचं लग्न ठरत आलं होतं. मैथिली त्याला मनापासून आवडली होती. फक्त तिचे वडील, शेजवलकर, म्हणाले, "जावई पाच फूट सात इंच तरी हवा." आमचा पाच-चार. एकोणतिसाव्या वर्षी हाडांची टोकं केव्हाच जुळलेली असतात, आता वाढलंच तर पोट वाढेल, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. पण डॉक्टर ओळखीचे, फुकट सांगत होते; विश्वास कसा बसणार? जिमवाला निखिल परुळेकर पैसे घेऊन सांगायचा. त्याच्याकडच्या कुपीतलं औषध टोचलं की म्हणे मेंदूखालची ग्रंथी जागी होते आणि वाढीचं हार्मोन सोडते. ग्रंथी जागी झाली. बोटं सुजली, हातांना मुंग्या आल्या, साखरपुड्यासाठी घेतलेली अंगठी बोटात जाईना. उंची होती तिथेच राहिली.

मी तक्रार केली. सुनावणीला निरीक्षक मुजावर मॅडम होत्या. निखिलने कुपी टेबलावर ठेवली.

"वाचा मॅडम. 'फक्त संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.' मी माणसाला विकलंच नाही."

मॅडमनी ऋतुराजकडे पाहिलं. "लेबल वाचलं होतं?"

"हो."

"तरी टोचून घेतलंत?"

"जिममध्ये सगळेच घेतात, मॅडम."

मॅडम विचारात पडल्या. लेबल खोटं धरायचं तर छापा, पंचनामा, नमुने, कोर्टाच्या तारखा. लेबल खरं धरायचं तर घेणारा माणूस नाही, एवढंच.

"लेबल खरं आहे," त्या म्हणाल्या.

"अहो, आधार कार्ड आहे त्याचं!" मी ओरडलो.

"असेल. मी उंदीर लिहितेय. ससा हवा असेल तर वेगळा अर्ज करा."

ऋतुराजने मान डोलावली. एवढ्या आज्ञाधारक पोराचा मला संताप आला. आदेश जिममधल्या सगळ्याच गिऱ्हाइकांना लागू झाला. एकानेही कुरकुर केली नाही. त्यांनी फक्त पुढच्या कुपीवर सवलत मागितली.

आम्ही आदेश घेऊन शेजवलकरांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"उंदीर आहे, याला आमची हरकत नाही. मुलगा निर्व्यसनी आहे. पण उंची?"

भिंतीला उभं करून मोजली. पाच-चार.

"मग अवघड आहे," ते म्हणाले आणि आदेश पुन्हा चाळू लागले. "हा विकणारा परुळेकर किती उंच आहे हो?"

"पाच-दहा," ऋतुराजनेच सांगितलं.

निखिलने स्वतः कधी टोचून घेतलं नव्हतं, त्यामुळे तो माणूसही होता. महिन्याभरात मैथिलीशी त्याचं लग्न झालं. त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना आग्रहाने बोलावलं, पण हॉलच्या दारावर 'प्राण्यांना प्रवेश नाही' अशी पाटी होती. ती रुंद छातीची पोरं आहेराची पाकिटं घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली. त्यांत ऋतुराजही होता. आतून मंगलाष्टकं ऐकू येत होती आणि तो रडत होता.

माझी ताई, म्हणजे ऋतुराजची आई, आतून द्रोणात जिलेबी घेऊन आली. सुजलेल्या बोटांत ती धरता येईना, म्हणून तीच त्याला भरवू लागली.

वॉचमन काठी आपटत आला. "ओ बाई, हा कुणाचा?"

"माझा," ताई म्हणाली.

"मग जरा बाजूला घ्या त्याला. वरात निघायचीय."

ताईने त्याला बाजूला घेतलं.