कडूबाले कोणी हाकलत नाई

रंगराव मास्तर खुर्चीवर टेकले आणि ताडकन उठले. खुर्चीला खाजकुइली! मोताळ्याच्या शाळेत त्या दिवशी हजेरी राहिली बाजूला, मास्तर नुसते खाजवत होते.

खाजकुइली लावणारे दोघे. एक कय्यूम, बैलबंडी हाकणाऱ्या अब्दुल गनीचा. दुसरा कडूबा, किसनराव पाटलांचा नवसाचा लेक. आता मास्तर पडले हंगामी, आणि पाटील शाळा कमिटीचे अध्यक्ष. कायम व्हायचं तर पाटलांचा शब्द हवा. त्यांच्या लेकाला हात लावणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा! म्हणून कय्यूमला शाळेतून हाकललं, आणि कडूबाला म्हणाले, "लेकरू हायेस. चालायचंच."

कय्यूम रडत घरी जाईल असं त्यांना वाटलं. कसचं काय! दिवस कापसाचे. गडी बापाच्या बंडीत कापसावर लोळत मलकापूरच्या सरकी काढायच्या जिनाकडं निघाला, आणि शाळेवरून जाताना हात हलवून गेला.

झालं! दुसऱ्या दिवशी एकानं फळ्यावर मास्तरांचं चित्र काढलं, दुसऱ्यानं वर्गात बकरी सोडली. मास्तर हाकलत गेले, पोरं बंड्यांवर चढत गेली. कडूबा तरी मागं कसा राहील? त्यानं मास्तरांची पगडीच विहिरीत टाकली.

"आता तं हाकला ना मले, मास्तर!"

"नाई रे राजा. जुनीच होती पगडी," मास्तर दातओठ खात हसले.

आणि नेमके डिप्टीसाहेब तपासणीला आले. वर्गात एकटा कडूबा.

"बाकीची मुलं कुठं आहेत?"

"मास्तरनं हाकलले, साहेब. गुन्हे केले त्यायनं."

"शाबास! म्हणजे तू एकटाच गुणी?"

मास्तरांच्या जिवात जीव आला. पण कडूबानं भोकाडच पसरलं.

"काह्याचा गुणी! समद्यायपेक्षा जास्त गुन्हे म्या केले. खाजकुइली लावली, पगडी बुडवली. तरी मले हाकलत नाईत! माहा बाप पाटील हाये, हा काय माहा गुन्हा हाये का?"

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांना पुन्हा खाज सुटली.

हुकूम झाला : यापुढं कोणाला हाकलायचं नाही. खोडी केली की शाळेच्या झाडांना पाणी घालायचं, मग पोरगा पाटलाचा असो की बंडीवाल्याचा. आणि मास्तरांनी महिनाभर घरी बसायचं.

दुसऱ्या दिवशी कडूबा आणि कय्यूम लिंबाला पाणी घालत होते. रस्त्यानं अब्दुल गनीची बंडी निघाली. वर कापसावर, ट्रंक पोटाशी धरून, रंगराव मास्तर आपल्या गावी चालले होते.

कडूबानं बादली आपटली.

"पाह्य बे कय्यूम! मास्तरनं एक गुन्हा केला, तं त्याले लगेच हाकललं!"