वहिनीच्या गाईचा फोटो

फोटोवाल्याच्या फोटोत आजवर कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते. हे तो छातीवर हात ठेवून सांगे. गिऱ्हाईक पेंगत येवो नाहीतर सर्दीने डोळे सुजवून येवो. फोटोत त्याचे डोळे टपोरे, गाल गुळगुळीत आणि मागे निळंशार आभाळ. एकदा संगणकासमोर बसला की त्याला तहानभूक आठवत नसे.

अशात त्याच्या थोरल्या वहिनीची गाय वीज पडून गेली. वहिनी एकटी. तिचं घर त्या गाईच्या दुधावर चालायचं, आणि गोठ्यात वासरू हंबरून घसा कोरडा करत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी गाय तपासली आणि सांगितलं, आधी फोटो काढा, मग पुरा. फोटो कचेरीत दिला की सरकारी भरपाई मिळेल, तिच्यातून दुसरी गाय येईल.

"फोटोची काळजी माझ्यावर सोडा, वहिनी," फोटोवाला म्हणाला.

वहिनीने सोडली. चूक तिथेच झाली.

फोटो काढून झाला, गाय पुरून झाली आणि फोटोवाला संगणकासमोर बसला. गाईचे मिटलेले डोळे त्याला खुपू लागले. हाताची सवयच ती! पण गाईच्या तोलामोलाचे डोळे आणायचे कुठून? साऱ्या गिऱ्हाइकांत तसे कुणाचेच नव्हते. शेवटी त्याने स्वतःच्या बायकोच्या फोटोतले घेतले. अंगावर तकाकी आणली. मग माती पुसून तिच्या ताठ पायांखाली हिरवळ टाकली, तशी आडवी गाय आपोआप उभी राहिली. पाकीट बंद करून त्याने ते वहिनीच्या हाती दिलं आणि कौतुक ऐकायला सोबत कचेरीत गेला.

साहेबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. मग गाय कशाने गेली ते विचारलं.

"वीज पडून," वहिनी म्हणाली.

"कधी पडणार आहे?"

वहिनीने आता कुठे फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. "भाऊजी," ती म्हणाली, "जिवंतपणी तरी ही इतकी तरतरीत कुठे होती?"

साहेब मनाने वाईट नव्हते. पहिलीतल्या मुलाला समजवावं तसं त्यांनी समजावलं, की मेलेलं जनावर फोटोत मेलेलंच दिसायला हवं. मूळ फोटो उद्यापर्यंत आणा, नाहीतर माझाही नाइलाज आहे.

मूळ फोटो होता कुठे! काम झालं की फोटोवाला कच्चा माल पुसून टाकायचा. परतताना वहिनी त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. दुकानात येऊन त्याने गाईचे डोळे पुन्हा मिटवून पाहिले, तर ती लाजल्यासारखी दिसू लागली. पाय वर केले, तर नाचल्यासारखी. त्याला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात बायको आली आणि संगणकाकडे बघत उभी राहिली.

"हे डोळे माझे आहेत."

"तुझ्याइतके टपोरे कुणाचेच नव्हते गं," फोटोवाला मान खाली घालून म्हणाला.

रागवावं की लाजावं, तिला ठरवता येईना. तिने पदराने उगाच टेबल पुसलं. "पण एवढा घाम फुटायला काय झालं? आणि बाहेर काचेत लावलीय ती गाय कुणाची?"

फोटोवाला धावतच बाहेर गेला. आपली कारागिरी रस्त्यावरच्यांना दिसावी म्हणून त्यानेच काल तिथे जोडीने दोन फोटो लावले होते. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. 'आधी'मध्ये बिचारी गाय होती तशीच आडवी पडलेली होती.

साहेबांनी तो फोटो लगेच मान्य केला. भरपाई आली, गाय आली, वासराने तिला हुंगून हुंगून आपली मानली. वहिनी फोटोवाल्याशी बोलायला लागली, फक्त नव्या गाईच्या जवळ त्याला कॅमेरा घेऊन येऊ देत नसे.

पुढे एकदा साहेबच ओळखपत्राच्या फोटोसाठी दुकानात आले. फोटोवाल्याने कानाला खडा लावला होता, सरकारी कामाच्या फोटोला हात लावायचा नाही. आला तसा फोटो त्याने पुढे ठेवला. साहेबांचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले.

साहेबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. मग दाराकडे एकदा पाहून आवाज खाली आणला.

"त्या गाईला बसवले होते ना," ते म्हणाले, "ते अजून आहेत का?"